टिटवी बोलतेय

"इथं बाकावर आजोबा बसले होते, ते कुठं गेले?"

मेडिकलमधल्या माणसानं काउंटरवरून वाकून बाहेर पाहिलं. बाक रिकामा होता.

"आत्ता तर होते की," तो म्हणाला. "तुमच्या गोळ्या काढायला मी आत गेलो तेव्हा होते."

मी पायरी उतरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मे महिन्यातली ऐन लग्नसराई. कराडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरा शर्ट घातलेली म्हातारी माणसं जिकडंतिकडं दिसत होती, पण त्यांतलं एकही माझ्या वडिलांसारखं, किंचित डावीकडं झुकून चालत नव्हतं. बाकाखाली मात्र त्यांच्या चपला होत्या. घराच्या दारात काढून ठेवाव्यात तशा एकमेकींना लावून ठेवलेल्या.

कोपऱ्यावरून माझा धाकटा भाऊ सुहास येताना दिसला. गाडीची किल्ली बोटात फिरवत येत होता. मला एकटीला पाहिलं आणि किल्ली फिरायची थांबली.

"नाना कुठायत?"

"तुझ्याजवळ होते ना?"

"मी गाडी सावलीत लावायला गेलो होतो, ताई. तू दोन हातांवर होतीस."

"मी पाठमोरी होते, सुहास."

मी चपला उचलून पिशवीत टाकल्या आणि आम्ही दोघं दोन दिशांना चालायला लागलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाना तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. उभं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. आई गेली आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नळ बंद करायचा, मग आई गेलीय हेच. मी इथल्या शाळेत शिकवत होते, घरात आम्ही दोघंच. मी शाळेतून येईपर्यंत शेजारच्या काकू अधूनमधून डोकावायच्या. त्या डोकावल्या नाहीत अशा एका दुपारी नाना एसटी स्टँडवर सापडले. सुहास पुण्याला असायचा. त्यानं तिथं एक चांगली संस्था शोधून काढली होती. अशाच माणसांसाठीची, बाग असलेली, रात्रंदिवस माणूस असलेली. आमचं त्यावरून बरंच वाजलं आणि शेवटी मी हो म्हटलं. ते बाकावरून उठून गेले तो दिवस त्यांना तिथं पोचवायचा होता. बॅग डिकीत होती. जाता जाता महिन्याची औषधं घ्यावीत म्हणून मीच गाडी थांबवायला लावली होती.

रसवंतीवाल्यानं त्यांना पाहिलं नव्हतं. फळांच्या गाडीवरच्या बाईनंही नाही. पानपट्टीवाला मात्र म्हणाला, "अनवाणी होते का? उंचेपुरे?"

"हो, हो. तेच."

"मला येऊन इचारलं त्यांनी, खाली कुणी आहे का. मी म्हटलं, खाली दुकानं हायत आजोबा, वर लॉज हाय. कुणाला भेटायचंय? तर परत तेच, खाली कुणी आहे का. गिऱ्हाईक होतं, मी पान लावायला वळलो. मान वर करून बघतो तर न्हाईत."

पानपट्टीवाल्याला तो प्रश्न वेडगळ वाटणं साहजिक होतं. मला तो पाठ होता.

नाना विज्ञानकथा वाचायचे. त्या काळी, त्या गावात. एक्स्चेंजमधले त्यांचे सोबती नाटकं करायचे, भजनाला जायचे, पत्ते कुटायचे, आणि नाना वाचनालयातून मासिकं आणून मंगळ, शनी आणि काळात मागंपुढं जाणारी माणसं यांत बुडालेले असायचे. त्यांची सगळ्यांत लाडकी होती एक लेखमाला. वर्षभर एका मासिकात आली, पुढं तिचं पुस्तक निघालं आणि पहिल्याच आवृत्तीनंतर संपलं. लेखकानं टोपणनावानं लिहिलं होतं. तो कोण होता हे नानांना शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट एका यानाची. यानाचं नाव टिटवी. आत चार माणसं. वाटेत त्यांचं ऐकू येण्याचं यंत्र बिघडतं, बोलण्याचं चालू राहतं. पृथ्वी आहे की नाही, आपलं बोलणं तिथल्या जमीन केंद्रात कुणापर्यंत पोचतंय की नाही, काही कळायला मार्ग नाही. तरी कप्तान रोज बोलतो. प्रत्येक भागाचा शेवट एकच: "टिटवी बोलतेय. खाली कुणी आहे का?" आणि अगदी शेवटच्या भागात यंत्र खरखरतं आणि उत्तर येतं: "आहोत. जागे आहोत. उतरा."

लहानपणी नाना कामावरून आले की जिन्यातूनच हाक द्यायचे, टिटवी बोलतेय. मी वरून उत्तर द्यायची. सुहासला त्यात कधी गोडी वाटली नाही, तो क्रिकेटवाला. म्हणजे अख्ख्या कराडात ती गोष्ट माहीत असलेली माणसं दोन, नाना आणि मी, अशी आमची पक्की समजूत होती. नाना कधी कधी म्हणायचे, "शैलू, एखादा तरी वाचणारा भेटायला पाहिजे होता गं. नुसतं बोलायला."

विसरणं वाढलं तसं ते सारखे त्या गोष्टीत जायला लागले. जेवता जेवता विचारायचे, खाली कुणी आहे का. डॉक्टर म्हणाले, त्यात भर घालू नका. वार सांगा, तारीख सांगा, त्यांचं नाव सांगा, त्यांना इथं आणा. म्हणून मी सांगत असे, "नाना, आज बुधवार आहे. तुम्ही भालचंद्र पेठकर. आपण घरी आहोत." ते ऐकून घ्यायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. 'आहोत, जागे आहोत' हे उत्तर सहा महिने मी तोंडातून काढलं नव्हतं.

"काय म्हणाला तो?" सुहास धावत आला होता.

"नाना लोकांना विचारत फिरतायत. खाली कुणी आहे का."

सुहासनं डोळे मिटले. "तेच ते यान. ताई, तरी मी म्हणत होतो, एवढं लांबवायला नको होतं."

"आत्ता नको, सुहास."

"बरं. कुठल्या बाजूला गेले?"

ते पानपट्टीवाल्याला सांगता येईना. पण त्याच्या शेजारी उभा असलेला एक रिक्षावाला म्हणाला, "पांढरा शर्टवाले का? एक म्हातारबाबा घाटाकडं चालले होते खरं. उन्हात अनवाणी, म्हणून ध्यानात राहिलं."

घाट म्हणजे नदी. कृष्णा आणि कोयना जिथं भेटतात ती जागा. आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता गाडीकडं पळालो.

गाडीत सुहास एकदाच बोलला. "त्यांना पोहता येतं ना?"

"यायचं," मी म्हटलं. "आता ते त्यांच्या लक्षात असेल का, सांगता येत नाही."

घाटावर ऊन मी म्हणत होतं. पायऱ्यांवर दोन ठिकाणी दहाव्याचे विधी चालले होते. मी वरच्या पायरीवरून पाण्याकडं पाहिलं. खालच्या पायरीवर एक पांढरा शर्ट घडी करून ठेवलेला होता. शर्टावर चष्मा. शेजारी कुणी नव्हतं. पाण्यात कुणी दिसत नव्हतं.

सुहासही ते बघत होता. आम्ही पायऱ्या कशा उतरलो मला आठवत नाही. मी शर्ट उचलला. कॉलर बघितली. नानांच्या शर्टांच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याचा टाका असायचा, धोब्याच्या खुणेचा. इथं काही नव्हतं, पण मला वाटलं मी नीट बघितलंच नाही.

"अहो बाई, काय हवंय?" मागून आवाज आला. नुकतंच मुंडन केलेल्या डोक्याचा एक मध्यम वयाचा माणूस ओल्या पंच्यात उभा होता. "माझा शर्ट आहे तो."

मी शर्ट त्याच्या हातात दिला. माफी मागायची राहून गेली. सुहासनंच त्याला दोन शब्दांत सांगितलं. बापाचं दहावं घालायला आलेला तो माणूस. त्यानं ओल्या अंगानं सगळ्या घाटाला विचारलं. कुणीही अनवाणी आजोबा पाण्याकडं जाताना पाहिले नव्हते. पण त्या गर्दीत पाहिलं असतं का, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

"मी चौकीवर जातो," सुहास म्हणाला. "त्यांचा फोटो आहे माझ्या पाकिटात. तू इथं थांब, नाहीतर वरच्या गल्ल्या बघ. आणि ताई, पाण्याजवळ जाऊ नकोस."

मोबाइल त्याच्याकडंच होता, माझ्याकडं नव्हता. तो गेला आणि मी घाटाच्या वरच्या गल्लीला लागले. दारं उघडी दिसतील तिथं विचारत गेले. एका बाईनं पाणी दिलं, ते मी हातात धरून तसंच परत दिलं. डोक्यात एकच चाललं होतं. सकाळी गाडीत बसताना नानांनी विचारलं होतं, "आपण उतरायचं कुठं?" मी म्हटलं होतं, पुण्याला. त्यावर ते म्हणाले होते, "तिथं कुणी असेल का?" आणि मी पट्टा लावण्यात गुंतले होते.

गल्लीच्या टोकाला सनई वाजत होती. कुठल्याशा मंगल कार्यालयाचा कर्णा विजेच्या खांबाला बांधलेला होता. मी त्याच्याखालून पुढं गेले आणि सनई मधेच तुटली. माइक कुणीतरी हातात घेतल्याची खरखर झाली. मग एका मुलीचा आवाज आला, धाप लागलेला.

"लक्ष द्या. पांढरा शर्ट, राखाडी पँट, पायांत चप्पल नाही, असे एक आजोबा आपल्या कार्यालयात आले आहेत. नाव सांगत नाहीत. कुणाचे असतील त्यांनी यावं."

मागं एक पुरुषी आवाज म्हणाला, "झालं ना? दे इकडं तो माइक."

"एक मिनिट, काका." आणि मग सावकाश, एकेक शब्द सोडवून: "जमीन केंद्रातलं कुणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी. टिटवी सुखरूप उतरली आहे. चारही जण ठीक आहेत. घ्यायला या."

मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. नाना सापडले, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्याच्याआधी मनात आलं ते हे, की हा आवाज माझा नाही. मग कुणाचा?

कार्यालयाच्या दारात फेटा बांधलेले एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. माझा अवतार बघूनच त्यांनी ओळखलं.

"तुम्ही त्यांच्या घरच्या का?"

"मुलगी आहे. कुठं आहेत ते?"

"अहो, अशी माणसं मोकळी सोडतात का? इथं मुहूर्त तोंडावर आलाय आमचा." ते नवऱ्या मुलाचे काका होते, वसंतकाका. त्यांच्या हातांतल्या अक्षता घामानं चिकटल्या होत्या.

"सोडले नव्हते हो. हात सुटला."

त्यावर ते बाजूला सरले. आतून एक ठेंगण्या बाई आल्या, मुलीची मावशी. शालन त्यांचं नाव. त्यांनी माझा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत, चालता चालता सगळं सांगितलं.

नाना सरळ मधल्या वाटेनं स्टेजवर चढले होते. लोकांना वाटलं, कुणी मानाचा पाहुणा असेल. गुरुजींच्या समोरचा माइक त्यांनी हातात घेतला आणि साऱ्या मांडवाला विचारलं, "टिटवी बोलतेय. खाली कुणी आहे का?" आधी हशा झाला. त्यांनी परत विचारलं. मग कुणी म्हणालं, प्यायलेलं दिसतंय. दोन पोरं म्हणाली, म्हातारं माणूस पुढं करतात आणि मागं दागिन्यांवर हात मारतात. दोघातिघांनी त्यांना धरलं. ते माइक सोडेनात, तेव्हा झटापटीत शर्टाचा खिसा फाटला.

"आणि हो," मावशी म्हणाल्या, "आमचे जावई पाटावरून उठले. उठले ते हात जोडून उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, आहोत, जागे आहोत, उतरा. आम्हाला वाटलं, उन्हाचा त्रास झाला बिचाऱ्याला. तोवर आतल्या खोलीतून आमची केतकी पळत बाहेर. गौरीहर पुजत बसली होती हो ती, पिवळ्या साडीत, हातात तांदूळ. तीपण तेच. आहोत, जागे आहोत. तिनं त्याचं ऐकलं नव्हतं बरं का, आत माइकवरचं तेवढं ऐकू येतं. दोघं समोरासमोर आले आणि बघतच राहिले. अंतरपाटाच्या आधी तोंड बघायचं नसतं, ते सगळं राहिलं बाजूला."

"त्यांना माहीत नव्हतं?"

"काय?"

"की दोघांनीही ती गोष्ट वाचलीय."

"कुठलं माहीत? दोनदा तर भेटली होती. नोकरी काय, स्वयंपाक येतो का, हेच बोलणं. मी विचारलं तिला आत्ता, तर म्हणते, मावशी, असलं वाचते म्हटल्यावर हसला असता तर?"

स्टेजच्या कडेला, वधूवरांच्या त्या लाल गाद्यांच्या खुर्च्यांपैकी एकीवर नाना बसले होते. हातात मठ्ठ्याचा पेला. एका बाजूला मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा, आशुतोष, जमिनीवर उकिडवा बसला होता, दुसऱ्या बाजूला केतकी. फाटलेला खिसा केतकीनं स्वतःच्या साडीची पिन काढून लावून दिला होता. नाना बोलत होते. गेल्या दोन वर्षांत सलग तीन वाक्यं त्यांच्या तोंडून मी ऐकली नव्हती आणि इथं ते हातवारे करून सांगत होते, की चौथ्या भागात लेखकाची चूक झालीय, यानाचा तो कोन तसा ठेवला तर कवच जळून जाईल. आशुतोष म्हणत होता, "मलाही तिथं खटकलं होतं."

"नाना," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. नमस्कार केला. "आपण?"

"मी शैला. तुमची मुलगी."

ते शिष्टाचारानं हसले आणि केतकीकडं वळून म्हणाले, "मी या बाईंना ओळखत नाही."

माझ्यामागं वसंतकाका येऊन उभे होते. "हे बघा," ते म्हणाले, आता आवाजात राग नव्हता, काळजी होती. "माफ करा बाई, पण ते ओळखत नाहीत म्हणतायत. मी त्यांना कसं तुमच्या हाती देऊ? उद्या काही बरंवाईट झालं तर दोष आमच्यावर. काही फोटो, ओळखपत्र?"

"भाऊ घेऊन गेलाय. चौकीवर."

"मग त्यांना येऊ दे."

"त्याचा नंबर..." नंबर मला येत होता. रोज फिरवायची मी तो. त्या क्षणी एक आकडा आठवला तर शपथ. मी पिशवीतून नानांच्या चपला काढल्या आणि पुढं धरल्या. नानांनी चपलांकडं पाहिलं आणि पाय मागं घेतले, परक्याची वस्तू असल्यासारखे. सगळा मांडव बघत होता. गुरुजी घड्याळाकडं बघत होते.

केतकी उठून माझ्यासमोर आली. पंचविशीची मुलगी, कपाळावर हळदीचा पट्टा. तिनं माझ्या चेहऱ्याकडं नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही माझं बोलणं ऐकून आलात?"

"हो."

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"मग सांगा," ती हळूच म्हणाली, "शेवटच्या भागात जमीन केंद्रावर कोण होतं?"

मला कळलं, ती मला अडवत नव्हती. सोडवत होती. पण ते सगळं मी आत कुठंतरी कुलूप लावून ठेवलं होतं.

"कुणीच नव्हतं," मी म्हटलं. "केंद्र कधीच बंद केलेलं होतं. माणसं कंटाळून घरी गेली होती."

"मग उत्तर कुणी दिलं?"

"लांबच्या एका धरणावरच्या बिनतारी खोलीतून. इंदुमती म्हणून एक होती. तिला वाटलं, पुराचा निरोप आहे. तिला यानबीन काही माहीत नव्हतं. तिनं फक्त..." मी नानांकडं पाहिलं. "कुणी विचारतंय म्हणून तिनं उत्तर दिलं."

नाना खुर्चीतून उठले. मठ्ठा सांडला. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी केतकीला, आशुतोषला, वसंतकाकांना, सगळ्यांना सांगितलं, "हिनं वाचलंय. अहो, हिनंही वाचलंय."

मुलगी म्हणून त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पण माझा हात त्यांनी धरला तो सोडला नाही.

वसंतकाकांनी फेटा काढून घाम पुसला. "तुमचं हे काय आहे ते मला कळलं नाही," ते म्हणाले, "पण बसा आता. लग्न लागू द्या. भाऊ आले की मग बघू."

वसंतकाकांनी चौकीवर फोन करवला आणि सुहास आला तेव्हा मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. सोबत एक हवालदार, हातात नानांचा फोटो. त्यानं आम्हाला पाहिलं. मी पहिल्या रांगेत, नाना माझ्या शेजारी, मूठभर अक्षता घेऊन. सुहास नानांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. मग त्यानं रुमाल काढला, चेहऱ्यावर धरला आणि तो काढेचना. सनई-चौघड्याच्या आवाजात त्याचं रडणं माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. नानांनी त्याच्याकडं वाकून पाहिलं आणि आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्याच्या हातात ओतल्या.

वसंतकाकांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हवालदारालाही बसवलं. पंगतीत मी सुहासला सगळं सांगितलं, नवरा कसा उठला, नवरी कशी धावली, मला काय विचारलं. तो ऐकत होता आणि जिलेबीचा तुकडा नुसता फिरवत होता.

"म्हणजे परक्या माणसांनी उत्तर दिलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि ते लगेच शांत झाले?"

"मावशी म्हणाल्या, हातातला माइक खाली ठेवला आणि पाणी मागितलं."

तेवढ्यात नाना माझ्याकडं वळून म्हणाले, "शैलू, वरणात मीठ कमी आहे." आणि पुन्हा जेवायला लागले. मी आणि सुहास ताटांकडं बघत राहिलो. कुणी हललं तर ते मोडेल अशी भीती वाटत होती.

हायवेच्या चौकात सुहासनं गाडी पुण्याकडं वळवली नाही. मीही काही विचारलं नाही. दिवसभर सोबतीला एक बाई ठेवायची, तो महिन्यातून दोन शनिवार-रविवार यायचा, असं आमचं ठरलं. पुढं दोन वर्षांनी नानांना जागेवरून उठवेना, तेव्हा त्यांना खरंच पुण्याला न्यावं लागलं. पण ती दोन वर्षं घरी गेली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी दाराची घंटा वाजली. केतकी आणि आशुतोष उभे होते. तिच्या हातांवरची मेंदी अजून उतरली नव्हती. ती दोघं इथंच राहणारी होती. आशुतोष इथल्याच कॉलेजात नोकरीला होता.

"आजोबा आहेत?"

नाना खिडकीशी बसले होते. त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांत ओळखीचं काहीही नव्हतं. मांडव, माइक, मठ्ठा, सगळं पुसून गेलं होतं. मी केतकीला खुणेनं सांगायला लागले, पण तिनं मान हलवली. तिला कळलं होतं.

"आम्ही सहज आलोय," ती म्हणाली. "आम्ही विज्ञानकथा वाचतो. तुम्हीही वाचता असं कळलं."

नाना हळूहळू सरळ झाले. "तुम्ही वाचता? दोघंही?"

"दोघंही."

"इथं? कराडात?" त्यांनी आशुतोषला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "अहो, मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, या गावात आपण एकटेच. शैलू, चहा टाक. दूध जास्त घाल."

त्या दिवसापासून ती दोघं दर रविवारी यायची. दर रविवारी नाना त्यांना प्रथमच भेटायचे. दर रविवारी विचारायचे, तुम्ही वाचता, दोघंही? आणि ती दोघं खुर्च्या पुढं ओढत, एकमेकांकडं जरासुद्धा न बघता, म्हणायची, "हो ना. आणि आम्हाला वाटत होतं, इथं आमच्याशिवाय कुणीच वाचत नसेल."